नव्या प्रोसेसरला जुने माप नको

एका जुन्या ३२ बिटी बोर्डाचे घड्याळ मी मुद्दाम पुढे ढकलून १९ जानेवारी २०३८ या दिवशी ग्रीनिच वेळेप्रमाणे पहाटे ३ वाजून १४ मिनिटांवर आणले आणि दर सेकंदाला तारीख छापणारा दोन ओळींचा प्रोग्राम सुरू केला. ३:१४:०७ ही ओळ व्यवस्थित छापली गेली. तिच्याखालच्या ओळीवर शुक्रवार, १३ डिसेंबर १९०१, रात्रीचे ८ वाजून ४५ मिनिटे ५२ सेकंद अशी वेळ होती. बोर्ड बंद पडला नाही, पडद्यावर कसलीही चूक दिसली नाही. मात्र तीस दिवसांहून जुन्या नोंदी पुसणारी स्क्रिप्ट आता एकही नोंद पुसायला तयार नव्हती, कारण तिच्या हिशेबाने सगळ्याच नोंदी भविष्यातल्या झाल्या होत्या. सुरक्षित जोडणीसाठी लागणारे प्रमाणपत्र ‘अजून लागू झालेले नाही’ म्हणून नाकारले जात होते. भारतीय वेळेनुसार हा क्षण मंगळवारी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी येणार आहे.

कारण साधे आहे. युनिक्स ही संगणक चालवणारी प्रणाली आणि लिनक्ससारख्या तिच्या वंशातल्या सर्व प्रणाली १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून किती सेकंद लोटले एवढेच मोजतात, आणि तो आकडा ‘टाइम-टी’ नावाच्या प्रकारात ठेवतात. हा प्रकार चिन्हांकित, म्हणजे धन-ऋण दोन्ही आकडे ठेवणारा, ३२ बिटांचा असला की त्यात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ हा आकडा मावतो. पुढचा सेकंद मोजताना सर्वांत वरचा बिट पालटतो आणि आकडा एकदम ऋण होतो. फाइलमध्ये आपण कितव्या बाइटवर आहोत हे सांगणाऱ्या ‘ऑफ-टी’ या प्रकाराचीही हीच मर्यादा आहे, म्हणूनच ३२ बिटी ऑफसेट (फाइलमधले हेच स्थान) वापरणाऱ्या प्रोग्रामला दोन जीबीच्या पलीकडची फाइल हाताळता येत नाही. काळाची भिंत २०३८ मध्ये लागेल, फाइलची भिंत मात्र लोकांना तीस वर्षांपूर्वीच लागली. म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधताना दुसऱ्याचा इतिहास डोळ्यांसमोर ठेवायला हवा.

माझे म्हणणे असे आहे की नव्या प्रोसेसर आर्किटेक्चरवर (प्रोसेसर कोणत्या सूचना समजतो त्या आराखड्यावर) अरुंद टाइम-टी आणि अरुंद ऑफ-टी मुळात उपलब्धच असू नयेत. पर्याय म्हणून नको, सुसंगततेची सोय म्हणून नको, कंपाइलरला, म्हणजे कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला, द्यायचा एखादा झेंडा (निवडीची खूण) म्हणूनही नको. आर्किटेक्चरच्या जन्माच्या वेळी त्याच्यासाठी कंपाइल झालेला एकही जुना प्रोग्राम जगात नसतो, त्यामुळे काहीही मोडण्याची भीती नसते. तो क्षण एकदाच येतो, आणि तो हुकला की त्याच बदलाची किंमत अनेक पटींनी वाढते.

हा प्रश्न फक्त लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामांना तयार फंक्शने पुरवणारा कोड, लिहिणाऱ्यांच्या आपसातल्या चर्चेचा आहे असे समजण्याचे दिवस भारतापुरते तरी संपले आहेत. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेचा ‘वेगा’ हे प्रोसेसर रिस्क-फाइव्ह या खुल्या सूचनासंचावर उभे आहेत, एप्रिल २०२२ मध्ये केंद्र सरकारने डिजिटल इंडिया रिस्क-फाइव्ह हा कार्यक्रम जाहीर केला, आणि ज्या सी-डॅकचे मुख्यालय पुण्यात आहे ती संस्था ३२ बिटी आणि ६४ बिटी अशा दोन्ही प्रकारचे प्रोसेसरचे गाभे (कोअर) तयार करते. यातले ६४ बिटी गाभे संगणकात जातील आणि त्यांच्याबद्दल फारशी काळजी नाही. ३२ बिटी गाभ्यांची जागा मीटर, पंपाचे नियंत्रक, लिफ्ट, सिग्नलची पेटी अशा उपकरणांत असते. अशी उपकरणे एकदा भिंतीवर चढली की पंधरा-वीस वर्षे तिथेच राहतात आणि त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. आज बसवलेले उपकरण २०३८ पाहणार आहे, हे गृहीत धरूनच निर्णय घ्यायला हवेत. सार्वजनिक पैशातून नवे आर्किटेक्चर घडत असताना त्याच्या पायात काय घातले जाते, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.

आता फाइलच्या इतिहासाकडे वळू. १९९० च्या दशकाच्या मध्यावर डिस्क दोन जीबीच्या पुढे गेल्या, तेव्हा युनिक्स विकणाऱ्या कंपन्या एकत्र बसल्या आणि १९९६ मध्ये मोठ्या फाइलींसाठी एक तोडगा ठरला. जुना ऑफ-टी जसाच्या तसा ठेवायचा, त्याच्या शेजारी ६४ बिटांचा नवा प्रकार आणि ‘ओपन’, ‘एलसीक’ यांसारख्या फंक्शनांच्या ६४ बिटी जोड्या द्यायच्या, आणि ज्या प्रोग्रामला हवे असेल त्याने कंपाइल करताना एक व्याख्या (निवड सांगणारी खूण) लावून मोठा प्रकार निवडायचा. त्या वेळी हा तोडगा समंजस वाटला असणार. कोणाचेही काही मोडले नाही. परंतु ज्याने व्याख्या लावली नाही त्याला जुनेच मिळत राहिले. लिनक्सवरच्या जी-लिब-सी या मुख्य सी लायब्ररीत जुन्या ३२ बिटी आर्किटेक्चरांवर आजही ही व्याख्या लावली नाही तर ऑफ-टी ३२ बिटांचाच मिळतो. ऐच्छिक ठेवलेली सुधारणा तीस वर्षांनीही ऐच्छिकच राहिली. तिचे परिणामही विचित्र ठिकाणी उमटतात. फाइल चार केबीची असते, पण ती एका अवाढव्य डिस्कवर असल्यामुळे तिचा आयनोड क्रमांक, म्हणजे फाइलची माहिती ठेवणाऱ्या नोंदीचा क्रमांक, ३२ बिटांत मावत नाही आणि जुना प्रोग्राम ती चिमुकली फाइलही ‘आकडा मावत नाही’ म्हणून नाकारतो. फाइल तर लहान आहे मग चूक कसली, या प्रश्नावर प्रोग्रामरचा आख्खा दिवस जातो.

याच काळात दुसरा मार्गही समोर होता. ४.४ बीएसडी या युनिक्सच्या वंशातल्या प्रणालीने १९९० च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यातच ऑफ-टी सरसकट ६४ बिटांचा केला होता. २०१० नंतर आलेल्या मसल या छोट्या सी लायब्ररीने पहिल्या दिवसापासून सर्व आर्किटेक्चरांवर ऑफ-टी ६४ बिटांचाच ठेवला. तिच्या वापरकर्त्यांना कोणतीही व्याख्या लक्षात ठेवावी लागत नाही, कारण विसरण्यासारखे काही उरलेलेच नाही.

प्रोसेसर ६४ बिटी झाला की हा प्रश्न आपोआप सुटतो, हा समज मात्र खोडून काढायला हवा. डिजिटल कंपनीचा अल्फा प्रोसेसर १९९२ मध्ये जन्मला तो पूर्ण ६४ बिटी म्हणून. त्याच्यावरच्या कंपनीच्याच युनिक्समध्ये ऑफ-टी ६४ बिटांचा होता, तरी टाइम-टी ३२ बिटांचाच राहिला. जुन्या प्रोग्रामांची आणि जुन्या फाइलींची सोय या सबबीखाली एका नव्याकोऱ्या आर्किटेक्चरवर मुदत ठरलेला आकडा बसवला गेला. पुढे बीएसडीच्याच वंशातल्या फ्रीबीएसडी प्रणालीच्या मंडळींना ६४ बिटी स्पार्क प्रोसेसरवर हीच चूक २००४ मध्ये मागाहून दुरुस्त करावी लागली. आज घराघरांत असलेल्या ६४ बिटी इंटेल-एएमडी संगणकांवरही लिनक्समध्ये कोण केव्हा लॉगिन झाले याच्या पारंपरिक नोंदींत वेळेचा रकाना ३२ बिटांचा आहे, कारण त्याच संगणकावर चालणाऱ्या ३२ बिटी प्रोग्रामांनाही तीच फाइल वाचता यावी असे तेव्हा ठरले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्स वितरणामध्ये या नोंदींची जुनी साधने काढून नवी आणावी लागली, त्यामागे हेच कारण आहे.

२०१८ ते २०२१ या काळात दोन नव्या ३२ बिटी आर्किटेक्चरांच्या वाटा जिथे वेगळ्या झाल्या, तो प्रसंग मला या विषयातला सर्वांत बोलका वाटतो. चीनमधील सी-स्काय या प्रोसेसरसाठीचा आधार (सपोर्ट) डिसेंबर २०१८ मध्ये लिनक्स ४.२० मध्ये आला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये जी-लिब-सी २.२९ मध्ये. त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांनी, मे २०१९ मध्ये, लिनक्स ५.१ आले. लिनक्स कर्नलचे (प्रणालीच्या गाभ्याचे) विकासक अर्न्ड बर्गमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अनेक वर्षांच्या कामातून या आवृत्तीत ३२ बिटी आर्किटेक्चरांसाठी ६४ बिटी वेळ घेणारे सिस्टिम कॉल (प्रोग्रामने कर्नलकडे काम मागण्याचे मार्ग) दाखल झाले. सी-स्काय थोडे आधी पोहोचले आणि जुनी वेळ घेऊन बसले. ३२ बिटी रिस्क-फाइव्हचे काम तोपर्यंत पूर्ण झाले नव्हते. त्याच्या ६४ बिटी भावंडाला जी-लिब-सीमध्ये २०१८ मध्येच जागा मिळाली होती, पण ३२ बिटी आवृत्ती थांबवून ठेवली गेली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये जी-लिब-सी २.३३ मध्ये ती आली तेव्हा तिच्यात टाइम-टी फक्त ६४ बिटांचा होता. लिनक्सच्या बाजूनेही जुने, ३२ बिटी वेळेचे सिस्टिम कॉल या आर्किटेक्चरच्या तक्त्यात घातलेच गेले नाहीत. त्याच सुमारास कर्नलमध्ये असाही नियम झाला की यापुढे येणाऱ्या ३२ बिटी आर्किटेक्चरवर प्रत्येक फाइल मोठ्या ऑफसेटनेच उघडेल.

तीन वर्षांचा उशीर ही लहान किंमत नाही. चिप तयार आहे, ग्राहक थांबला आहे आणि लायब्ररीचे लोक ‘आधी वेळेचा प्रश्न सोडवा’ म्हणत आहेत, हे त्या काळात काम करणाऱ्यांना किती जाचले असेल याची मला कल्पना आहे. तरीही तो उशीर योग्य होता, आणि का योग्य होता हे पाहायचे असेल तर उलट बाजूला काय घडले ते पाहावे.

जुन्या आर्किटेक्चरांसाठी जी-लिब-सीने ऑगस्ट २०२१ मध्ये २.३४ या आवृत्तीत ६४ बिटी वेळ ऐच्छिक म्हणून दिली, तीही मोठा ऑफसेट निवडला असेल तरच, कारण फाइलची माहिती देणाऱ्या एकाच रचनेत आकारही असतो आणि वेळही. आता एक लहानसे उदाहरण जवळून पाहू. लायब्ररी नव्या पद्धतीने कंपाइल झाली आहे, प्रोग्राम जुन्या. प्रोग्रामने सेकंद आणि नॅनोसेकंद ठेवण्यासाठी आठ बाइटांची जागा राखली आणि तिचा पत्ता लायब्ररीला दिला. लायब्ररीच्या समजुतीप्रमाणे ती रचना सोळा बाइटांची आहे, त्यामुळे तिने सोळा बाइट लिहिले. वरचे आठ बाइट शेजारच्या चलावर (व्हेरिएबलवर) जाऊन पडले. ते चल कदाचित एखाद्या लूपचा मोजणारा आकडा असेल, कदाचित परतीचा पत्ता. कंपाइलरने तक्रार केली नाही, कोडचे तुकडे जोडणाऱ्या लिंकरने केली नाही, आणि प्रोग्राम कुठेतरी दूर, भलत्याच ओळीवर कोसळला. म्हणून डेबियनला २०२४ मध्ये ३२ बिटी एआरएम प्रोसेसरसाठी हा बदल करताना ज्या ज्या लायब्ररीच्या बायनरी करारात (कंपाइल झालेल्या कोडमधल्या परस्पर समजुतीत) वेळ येते तिचे नावच बदलावे लागले. पॅकेजच्या नावामागे ‘टी६४’ हे शेपूट लागले, आणि हजारो पॅकेजे नव्याने बांधावी लागली. ३२ बिटी इंटेल आर्किटेक्चरला या बदलातून वगळावे लागले, कारण त्याचा आजचा मुख्य उपयोगच जुने, पुन्हा कंपाइल न होऊ शकणारे प्रोग्राम चालवणे हा आहे. हे सगळे श्रम स्वयंसेवकांचे आहेत. ३२ बिटी रिस्क-फाइव्हला यातले काहीही कधी करावे लागणार नाही.

रुंद प्रकारांवर जे आक्षेप घेतले जातात त्यांतला एक मला खरोखर वजनदार वाटतो. ३२ बिटी प्रोसेसर ६४ बिटांचा आकडा एका सूचनेत वाचू शकत नाही. दोन अर्धे दोन वेळा वाचावे लागतात, आणि मध्येच दुसऱ्या कोणी तो आकडा बदलला तर वरचा अर्धा जुना आणि खालचा नवा अशी भेसळ हाती येते. कर्नल ही अडचण क्रमांक तपासून पुन्हा वाचण्याच्या पद्धतीने सोडवतो, पण छोट्या उपकरणासाठी स्वतःचा कोड लिहिणाऱ्याला ती काळजी स्वतः घ्यावी लागते, आणि इंटरप्टमध्ये, म्हणजे चालू काम मध्येच थांबवून, घड्याळ पुढे सरकवणाऱ्या कोडमध्ये ती घेतली गेली नाही तर चूक वर्षातून एकदा कधीतरी दिसते. ही अडचण खरी आहे. परंतु ती प्रोग्रामरच्या हातात असलेली, जाणून सोडवता येणारी अडचण आहे, आणि २०३८ ची भिंत तशी नाही. स्मृतीचा आक्षेप मात्र मला पटत नाही. एका वेळेमागे चार बाइट जास्त लागतात, आणि ज्या उपकरणावर लिनक्स चालते त्याला ते चार बाइट जड नाहीत.

दुसरा युक्तिवाद असा की चिन्ह काढून टाकले तर तेच ३२ बिट ७ फेब्रुवारी २१०६ पर्यंत पुरतील. काही ठिकाणी, उदाहरणार्थ फक्त आत्ताची वेळ साठवणाऱ्या मीटरच्या नोंदीत, हे चालूनही जाईल. पण टाइम-टी हा सर्वांच्या वापराचा प्रकार आहे, आणि १९७० पूर्वीच्या तारखा ऋण आकड्यांत ठेवणारे प्रोग्राम आपल्या अवतीभोवती भरपूर आहेत. आज निवृत्तिवेतन घेणाऱ्या पिढीची जन्मतारीख १९७० च्या अलीकडची नाही. चिन्ह काढल्यावर त्यांची जन्मवर्षे एकविसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जाऊन पडतील. ६४ बिटी चिन्हांकित आकडा सुमारे २९,२०० कोटी वर्षे पुरतो, आणि भूतकाळही सोडत नाही.

आणि ‘३२ बिटी प्रोसेसर तोवर संपलेले असतील’ हा तिसरा युक्तिवाद मी तर गेली कित्येक वर्षे ऐकतो आहे. आपल्याच देशात नवे ३२ बिटी गाभे रचले जात असताना तो पुढे करणे मला बरोबर वाटत नाही.

दोन मापे शेजारी-शेजारी चालवण्याचा अनुभव मुंबईला चांगला आहे. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये लागू झाली, पण मुंबईने आपली स्वतःची, ३९ मिनिटे मागे असलेली वेळ सोडली नाही, आणि शहराचे ते जुने घड्याळ १९५५ पर्यंत टिकले. जवळपास पन्नास वर्षे ‘किती वाजले’ या प्रश्नाआधी ‘कोणत्या घड्याळात’ हे विचारावे लागत होते. मुंबईकडे त्यासाठी स्वाभिमानाचे आणि रोजच्या उन्हाचे कारण तरी होते. नव्या आर्किटेक्चरकडे तसे कोणतेही कारण नाही.

लायब्ररीतला प्रकार रुंद झाला म्हणजे काम झाले असेही नाही, हे सांगणे प्रामाणिकपणाचे आहे. वेळ जिथे साठवली जाते आणि जिथून पाठवली जाते त्या प्रत्येक जागी तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो. ईएक्सटी४ फाइल प्रणालीत आयनोड १२८ बाइटांचा ठेवला तर तारखा २०३८ ला थांबतात, २५६ बाइटांचा ठेवला तर २४४६ पर्यंत जातात. एक्सएफएस या दुसऱ्या फाइल प्रणालीला २०२० मध्ये वाढीव वेळेची सोय मिळाली आणि तिची मर्यादा २४८६ झाली, पण जुन्या डिस्कवर ती मुद्दाम चालू करावी लागते. माय-एसक्यूएल या डेटाबेसचा ‘टाइमस्टॅम्प’ हा स्तंभ-प्रकार ६४ बिटी सर्व्हरवरही १९ जानेवारी २०३८ च्या पुढची तारीख घेत नाही. आज वीस वर्षांच्या गृहकर्जाची शेवटच्या हप्त्याची तारीख अशा स्तंभात भरू पाहणाऱ्याला ही भिंत २०३८ उजाडण्याची वाट न पाहता आत्ताच लागते. उपकरण बनवणारे तर अनेकदा टाइम-टीला हातच लावत नाहीत. स्वतःच्या नोंदीसाठी ते सरळ चार बाइटांचा रकाना आखतात, तो फ्लॅश स्मृतीत लिहितात, आणि पुढच्या प्रत्येक आवृत्तीला तोच आराखडा वाचावा लागतो. याउलट आपल्याकडच्या वीजमीटरांच्या मानकात वापरला जाणारा डीएलएमएस हा प्रोटोकॉल तारीख-वेळ बारा बाइटांत पाठवतो आणि वर्षासाठी त्यातले दोन बाइट स्वतंत्र ठेवतो. म्हणजे नीट विचार केला तर छोट्या उपकरणातही हे जमते.

म्हणून माझी मागणी दोन ठिकाणी आहे. देशी आर्किटेक्चरसोबत जी विकाससाधने दिली जातात, म्हणजे कंपाइलर, सी लायब्ररी, छोट्या उपकरणांसाठीची रिअल-टाइम प्रणाली आणि नमुना कोड, त्या सगळ्यांत टाइम-टी आणि ऑफ-टी ६४ बिटांचेच असावेत, आणि ते लहान करणारी कोणतीही व्याख्या त्यांत असू नये. महाविद्यालयातला विद्यार्थी पहिला प्रोग्राम त्या नमुना कोडवरूनच लिहितो, आणि तोच कोड चार वर्षांनी एखाद्या कारखान्याच्या उत्पादनात पोहोचतो. दुसरी मागणी खरेदी करणाऱ्यांकडे आहे. महानगरपालिका, वीज कंपन्या, परिवहन उपक्रम यांच्या निविदांत तापमान, धूळ आणि पाणी यांच्या चाचण्या असतात, कारण उपकरण पावसात टिकेल की नाही याची काळजी कोणालातरी वाटलेली असते. त्याच पानावर आणखी एक चाचणी घालता येईल. उपकरणाचे घड्याळ भारतीय वेळेप्रमाणे १९ जानेवारी २०३८ च्या सकाळी ८ वाजून ४० मिनिटांवर आणावे आणि अर्धा तास ते चालू द्यावे. मग वीज बंद करून पुन्हा सुरू करावी आणि नोंदी बाहेर काढून त्यांवरची वर्षे वाचावीत. ज्या उपकरणात डिस्क किंवा कार्ड आहे त्यात तीन जीबीची एक फाइल लिहावी आणि तिचा शेवटचा बाइट वाचून पाहावा. या सगळ्याला एका अभियंत्याचा एक तास लागतो, आणि तो तास उपकरण भिंतीवर चढण्यापूर्वीचा असायला हवा.